ड्रायव्हर हार्डवेअरला कसं ओळखतो? आणि चुकीच्या दारावर टकटक केली तर काय होतं?

पहिल्या नोकरीत मी एकदा तासाभरात तीन डिस्प्ले जाळले होते. पाणी सांडलं नाही, वायर उलटी लावली नाही, हातातून काही पडलंही नाही. फक्त दहा-बारा ओळींचा कोड चालवला.

झालं असं. एका छोट्या टचस्क्रीन मशीनसाठी आम्ही लिनक्सचा ड्रायव्हर लिहीत होतो. मशीनच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या होत्या. जुन्या बोर्डावर टचची चिप एका ॲड्रेसवर होती, नव्यावर दुसऱ्या. मी म्हटलं, दोन ड्रायव्हर कशाला लिहायचे? एकच लिहू. तो आधी जुन्या ॲड्रेसवर हाक मारेल, मग नव्या. जिथून उत्तर येईल तिथे टचची चिप आहे असं समजेल. आणि चिप नीट उत्तर देण्याच्या स्थितीत असावी म्हणून आधी तिला रीसेटची कमांड पाठवायची, मग तिचा आयडी वाचायचा. माझ्या टेबलावरच्या जुन्या बोर्डावर सगळं झकास चाललं.

नव्या बोर्डावर मात्र त्या जुन्या ॲड्रेसवर दुसरीच चिप बसवलेली होती. डिस्प्लेला वीज पुरवणारी. टचच्या चिपमध्ये ज्या नंबरच्या रजिस्टरला रीसेट म्हणतात, त्याच नंबरच्या रजिस्टरमध्ये ही चिप ‘किती व्होल्टेज द्यायचं’ ते ठेवते. मी पाठवलेल्या आकड्याचा तिच्या भाषेत अर्थ होता, ‘जमेल तेवढं जास्त दे.’ तिने दिलं. पहिला डिस्प्ले गेला तेव्हा मला वाटलं, तोच खराब असेल. दुसरा लावला. मग तिसरा.

आमच्या लीड मॅडम आल्या, कोड वाचला आणि एवढंच म्हणाल्या, “अरे, तो कोण आहे हे विचारायच्या आधीच तू त्याला काम सांगितलंस?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं, ते आज सांगतो. तुमच्या फोनमध्ये रोज हेच चालू असतं, म्हणून विषय वाटतो तेवढा लांबचा नाही.

ड्रायव्हरला ओळख कशाला पटवावी लागते?

ऑपरेटिंग सिस्टीमला, म्हणजे अँड्रॉइड, विंडोज किंवा लिनक्सला, प्रत्येक चिपची भाषा येत नाही. कॅमेऱ्याची भाषा वेगळी, टचची वेगळी, वाय-फायची वेगळी. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक चिपमध्ये रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. ड्रायव्हर त्या कप्प्यांत आकडे लिहितो किंवा तिथले आकडे वाचतो, आणि त्यातून चिपकडून काम करून घेतो.

गोची अशी की कप्प्यांवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. पाच नंबरच्या कप्प्यात १ लिहिलं तर एका चिपमध्ये दिवा लागेल आणि दुसऱ्या चिपमध्ये अख्खी मेमरी पुसली जाईल. म्हणून कुठलंही काम सांगायच्या आधी समोर नेमकं कोण आहे हे कळायलाच हवं. या चाचपणीला प्रोबिंग म्हणतात, आणि ड्रायव्हरमधलं हे काम करणारं फंक्शनही ‘प्रोब’ याच नावाने ओळखलं जातं.

नुसतं वाचलं तर काय बिघडतं?

मलाही असंच वाटायचं. फाइल वाचली तर फाइल बदलत नाही, मग रजिस्टर वाचलं तर काय होणार?

बरंच काही होतं. सिरियल पोर्टच्या चिपचं उदाहरण घ्या. बाहेरून आलेला बाइट ज्या रजिस्टरमध्ये येऊन थांबतो, ते वाचलं की बाइट तिथून निघून जातो. तुम्ही सहज डोकावलात, तर ज्याच्यासाठी तो बाइट आला होता त्याला तो कधीच मिळणार नाही. त्याच चिपमधल्या स्टेटस रजिस्टरमध्ये ‘चूक झाली’ हे सांगणारे बिट असतात. ते वाचताक्षणी पुसले जातात. म्हणजे वाचणं हीसुद्धा एक कृती आहे.

मोबाइलच्या प्रोसेसरमध्ये तर आणखी एक गंमत असते. बॅटरी वाचवण्यासाठी चिपचे न लागणारे भाग बंद ठेवलेले असतात. अशा बंद भागातलं एखादं रजिस्टर वाचायला गेलात, तर बऱ्याच प्रोसेसरांमध्ये उत्तरच येत नाही आणि अख्खी सिस्टीम तिथेच गोठते. कारण काय, तर एक रजिस्टर वाचलं.

पाट्या नसलेली चाळ

हा प्रश्न किती जुना आहे ते बघू. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आणि त्यानंतरची दहा-बारा वर्षं कार्डं ज्या बसवर बसायची, तिला पुढे आयएसए हे नाव पडलं. अशी चाळ डोळ्यांसमोर आणा जिथे खोल्यांना नंबर आहेत, पण एकाही दारावर पाटी नाही. प्रत्येक कार्ड ठरावीक पोर्ट नंबरांवर उत्तर द्यायचं. ते नंबर कार्डावरच्या पिनांवर जंपर बसवून माणूसच ठरवायचा. कोण कुठे राहतं याची यादी कुठेच नाही.

मग ड्रायव्हर काय करणार? दारं ठोठावत फिरायचा. एनई२००० नावाचं नेटवर्क कार्ड तेव्हा फार चालायचं. लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर ३००, २८०, ३२०, ३४०, ३६० आणि ३८० या पोर्टांवर पाळीपाळीने चाचपणी करायचा. (हे आकडे हेक्समधले, म्हणजे १६ च्या आधारावर मोजलेले; त्यात ९ नंतर ए ते एफ येतात.) हे कार्ड एकूण ३२ पोर्ट व्यापतं. म्हणजे ३६० पासून सुरुवात केली तर थेट ३७एफ पर्यंत. आणि ३७८ वर कोण असायचं? प्रिंटरचं पोर्ट! नेटवर्क कार्ड शोधायला निघालेल्याचा पाय असा प्रिंटरच्या दारात पडायचा.

चुकीच्या कार्डाला चुकीचा आकडा गेला की मशीन हँग. यावर तेव्हाच्या इंजिनिअरांनी काढलेले दोन उपाय मला आजही आवडतात.

पहिला लिनक्सचा. मशीन सुरू करताना ‘रिझर्व्ह’ असं पॅरामीटर देऊन सांगता यायचं की ३०० पासून ३२ पोर्ट कुणीही चाचपू नयेत. थोडक्यात, दारावर खडूने फुली मारून ठेवायची.

दुसरा विंडोज ९५ चा. त्यातला हार्डवेअर शोधणारा विझार्ड आधीच बजावायचा की शोध घेताना मशीन अडकू शकतं. बराच वेळ काही हललं नाही तर बंद करून पुन्हा सुरू करा. आतली युक्ती पुढे आहे. धोक्याची प्रत्येक पायरी करायच्या आधी तो ‘मी आता हे करून बघतोय’ अशी नोंद डिस्कवर करायचा. मशीन अडकलंच, तर पुन्हा सुरू झाल्यावर तो ती नोंद वाचायचा आणि नेमकी तेवढी पायरी सोडून पुढे जायचा. विहिरीत उतरण्याआधी काठावर चिठ्ठी ठेवून जावं, तसं.

सगळ्यांनी एकदम बोललं तर?

१९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी याच आयएसए बससाठी ‘प्लग अँड प्ले’ची पद्धत आणली. कल्पना अशी की कार्डाने स्वतःची ओळख स्वतः सांगावी. पण सगळी कार्डं एकाच तारांवर लटकलेली, कुणालाच स्वतःचा वेगळा पत्ता नाही. ‘कोण आहे?’ विचारलं तर सगळीच एकदम बोलणार. मग एकेकाला वेगळं कसं काढायचं?

यासाठी प्रत्येक कार्डात ७२ बिटांचा ओळख क्रमांक घातला. त्यातले शेवटचे ८ बिट बाकीचा आकडा बरोबर आहे ना हे पडताळण्यासाठी. आता कॉम्प्युटर एकेक बिट विचारत जातो. ज्या कार्डाचा तो बिट १ आहे, ते तारांवर आधी हेक्स ५५ आणि मग एए हे आकडे ठेवतं. ज्याचा बिट ० आहे, ते गप्प राहून फक्त ऐकतं. ऐकताना दुसऱ्या कुणाचे ५५ आणि एए कानावर आले, तर ते समजून घेतं की आपली पाळी नाही, आणि या फेरीतून बाजूला होतं. ७२ बिट संपेपर्यंत एकच कार्ड उरतं. त्याला एक नंबर देऊन बसवायचं आणि उरलेल्यांसाठी पुन्हा पहिल्या बिटापासून सुरुवात करायची. कुणीच उत्तर दिलं नाही की काम संपलं.

त्यांनी हे प्रश्न विचारायची जागा कशी निवडली, तेही बघण्यासारखं आहे. आकडे लिहायला २७९ आणि ए७९ हे पोर्ट घेतले. २७९ हे जुन्या पीसीमध्ये प्रिंटरचं स्टेटस रजिस्टर. ते फक्त वाचण्यासाठी असतं. तिथे काहीही लिहिलं तरी जुन्या प्रिंटर पोर्टाला फरक पडत नाही. आणि ए७९ का? तर जुनी कार्डं पोर्टच्या नंबरातले खालचे १० बिटच बघायची. तेवढेच बघितले तर ए७९ सुद्धा त्यांना २७९ च दिसतं. म्हणजे ज्याला नवी पद्धत कळत नाही, त्याच्यापर्यंत प्रश्न गेला तरी त्याला धक्का लागत नाही. ‘सुरक्षित’ म्हणजे काय, याचं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही.

प्रत्येक दारावर एकाच उंचीवर पाटी

पुढे पीसीआय बस आली. इंटेलने ती १९९२ मध्ये जाहीर केली होती. तिने पाट्यांचा प्रश्नच मिटवला. प्रत्येक उपकरणात २५६ बाइटांची एक वेगळी जागा राखून ठेवली आणि नियम केला की पहिल्या चार बाइटांत दोन आकडे असलेच पाहिजेत: बनवणारी कंपनी कोण आणि उपकरण कोणतं. ही जागा रोजच्या कामाच्या रजिस्टरांपेक्षा वेगळी असल्यामुळे तिथली पाटी वाचून काही बिघडत नाही.

जागा रिकामी असेल तर? उत्तर द्यायला कुणीच नसतं, तेव्हा सगळे बिट १ असलेला आकडा परत येतो. म्हणूनच हा आकडा कोणत्याही कंपनीला दिलेला नाही. २५६ बस, प्रत्येकीवर ३२ उपकरणं, प्रत्येकात ८ फंक्शन, अशा ६५,५३६ जागा ऑपरेटिंग सिस्टीम बिनधास्त तपासू शकते.

पण इथेही एक बारकावा आहे. काही जुनी उपकरणं फंक्शनचा नंबर बघतच नाहीत आणि आठही नंबरांना ओ देतात. एकच माणूस आठ खिडक्यांतून हात हलवतोय असा प्रकार. त्यामुळे आधी शून्य नंबरचं फंक्शन वाचायचं, ‘माझ्यात एकाहून जास्त फंक्शन आहेत’ असं सांगणारा बिट १ आहे का ते बघायचं, आणि असेल तरच पुढचे सात नंबर तपासायचे.

पाहुणा स्वतःच बेल वाजवतो

पेनड्राइव्ह लावला की फोनला कसं कळतं? १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीने दिशाच उलटी केली. इथे कुणी शोधत फिरत नाही. उपकरण जोडलं की त्यातला दीड किलो-ओहमचा रेझिस्टर डेटाच्या दोनपैकी एक तार वर खेचतो. कोणती तार खेचली यावरून त्याचा वेगही कळतो. ही झाली बेल.

बेल वाजल्यावर लगेच दार उघडत नाहीत. पिन आत सरकताना स्पर्श होतो-तुटतो, म्हणून १०० मिलिसेकंद थांबून जोडणी स्थिर आहे ना ते बघतात. मग उपकरण रीसेट होतं आणि तात्पुरतं शून्य नंबरच्या ॲड्रेसवर येतं. एका वेळी एकच उपकरण शून्यावर आणतात, म्हणजे गोंधळ नको. ते आपली १८ बाइटांची ओळख सांगतं: कंपनी, उत्पादन, प्रकार. त्याला १ ते १२७ मधला कायमचा नंबर मिळतो. हे सगळं होईपर्यंत यूएसबी २ च्या नियमानुसार त्याने १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घ्यायचा नाही. आधी ओळख, मग जेवण.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ओळख म्हणजे फक्त दावा. तो खोटाही असू शकतो. यूएसबीला सिरियल पोर्ट जोडणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या हुबेहूब नकला बाजारात होत्या आणि त्या मूळ चिपचाच नंबर सांगायच्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिप सापडली की तिचा उत्पादन क्रमांक बदलून शून्य करायला सुरुवात केली. मग ते उपकरण कुठल्याच मशीनला ओळखू येईना. खूप आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. आपण नकली माल घेतलाय हे ज्यांना माहीतही नव्हतं, अशांची उपकरणं त्यात बंद पडली. ओळख पटवताना समोरच्यावर लिहायचा अधिकार ड्रायव्हरला किती असावा, हा वाद तिथून ठळकपणे पुढे आला.

एका टकटकीने लॅपटॉप बंद

आता माझ्या जळलेल्या डिस्प्लेंकडे येऊ. ती चिप होती आयटूसी बसवर. ही बस दोनच तारांची, स्वस्त आणि साधी. तुमच्या फोनमधले टच, कॅमेरा आणि सेन्सर बऱ्याचदा हिच्याशीच जोडलेले असतात. ॲड्रेस ७ बिटांचा. ॲड्रेस पुकारला की त्या नंबरची चिप तार खाली ओढून ‘हजर’ म्हणते. पण फक्त ‘हजर’. नाव, गाव, कंपनी काही नाही. शाळेत सर फक्त रोल नंबर पुकारतात, तसं. वर्ग बदलला की त्याच रोल नंबरवर दुसराच कुणी उभा राहतो.

‘हजर कोण आहे एवढंच तर बघायचंय, त्यात काय!’ असं वाटणाऱ्यांसाठी थिंकपॅडची गोष्ट. लिनक्सवर तापमान आणि पंख्याचा वेग दाखवणारं ‘एलएम सेन्सर्स’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते या बसवरचे ॲड्रेस एकेक करून चाचपायचं. चाचपणीसाठी ‘क्विक राइट’ वापरायचं, म्हणजे फक्त ॲड्रेस पाठवायचा, डेटा काहीच नाही. कागदावर याहून निरुपद्रवी काही नाही.

पण तेव्हाच्या अनेक आयबीएम थिंकपॅडमध्ये ॲटमेल कंपनीची २४आरएफ०८ ही मेमरी चिप होती. तिला ही रिकामी टकटक नीट समजायची नाही आणि तिच्यातली नोंदच बिघडायची. त्या नोंदीत लॅपटॉपचा सिरियल नंबर वगैरे माहिती असायची, आणि सुरू होताना मशीन ती तपासायचं. नोंद बिघडलेली दिसली की पुढे जायचं नाव नाही. ज्यांनी फक्त तापमान बघायला एक कमांड चालवली, त्यांचे लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात.

यावर उपाय काय केला? लिनक्स कर्नलमधल्या संबंधित ड्रायव्हरमध्ये तपासणी घातली: मशीन आयबीएमचं दिसलं, तर ड्रायव्हरने स्वतःच लोड व्हायला नकार द्यायचा. आणि ॲड्रेस शोधणाऱ्या टूलमध्ये नियम आला की काही ॲड्रेसांवर क्विक राइट करायचंच नाही, तिथे वाचून बघायचं. मग सगळीकडेच वाचून का नाही बघायचं? कारण काही चिप फक्त लिहून घेणाऱ्या असतात. हेक्स ६९ वरच्या क्लॉक चिपवर वाचायला गेलात तर बसच अडकते. एका दारावर टकटक चालत नाही, दुसऱ्यावर डोकावलेलं चालत नाही. त्या टूलच्या माहितीपानावर हा इशारा आजही छापलेला आहे.

मग तुमचा फोन काय करतो?

फोन अंदाजच लावत नाही. सोसायटीच्या वॉचमनकडे असते तशी त्याच्याकडे रहिवाशांची यादी असते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. कोणत्या बसवर, कोणत्या ॲड्रेसवर, कोणती चिप, तिला वीज कुठून येते, हे सगळं बोर्ड बनवणारा लिहून ठेवतो. फोन सुरू होताना बूटलोडर ही यादी कर्नलच्या हातात देतो आणि कर्नल प्रत्येक नोंदीसाठी जुळणारा ड्रायव्हर बोलावतो.

पूर्वी लिनक्समध्ये एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डाची माहिती थेट कोडमध्येच लिहिलेली असायची. त्या पसाऱ्यावर लिनस टोरवाल्ड्स २०११ मध्ये उघडपणे चिडले होते. त्यानंतर एआरएमच्या जगात डिव्हाइस ट्री वेगाने रुजली. मूळ कल्पना मात्र जुनी. सनच्या मशीनमध्ये आणि ॲपलच्या पॉवरपीसी मशीनमध्ये ती आधीपासून होती.

पण यादीतही खोच आहे. एकाच मॉडेलच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे डिस्प्ले किंवा कॅमेरे असू शकतात. ज्या महिन्यात जो मिळाला तो बसवला. त्यामुळे यादीत नाव असलं तरी चांगला ड्रायव्हर चिपचा आयडी वाचून खात्री करतोच. वॉचमनने नाव सांगितलं तरी आपण दारावरची पाटी बघतोच ना, तसं.

माझे सात नियम

मॅडमनी त्या दिवशी मला एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, “आता नियम तूच लिही.” तेव्हा तीनच सुचले होते. आता सात आहेत.

१. यादी असेल तर यादीच वापरा. अंदाजाने चाचपणी हा अगदी शेवटचा मार्ग.

२. जागेवर आधी हक्क सांगा. लिनक्समध्ये पूर्वी ‘पोर्ट रिकामं आहे का’ हे विचारायचं एक फंक्शन होतं आणि मागायचं दुसरं. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसरा ड्रायव्हर जागा पटकावू शकायचा. म्हणून विचारायचं फंक्शन काढूनच टाकलं. थेट मागा, नाही मिळालं तर परत फिरा.

३. आधी वाचा, मग लिहा. तेही जे वाचून काही बदलत नाही, तेच आधी वाचा.

४. एका खुणेवर विसंबू नका. सगळे बिट १ किंवा सगळे ० आले, तर बहुतेक तिथे कुणीच नाही, असं समजून चाला. आयडी जुळला तरी आणखी एखादी खूण पडताळा.

५. कायम वाट बघत बसू नका. ‘हा बिट १ होईपर्यंत थांब’ असा कोड लिहिला आणि समोर चिपच नसेल, तर मशीन कायमचं थांबेल. प्रत्येक वाट बघण्याला वेळेची मर्यादा हवी.

६. लिहावंच लागलं तर जुना आकडा जपून ठेवा आणि काम झालं की परत ठेवा. पीसीआयमध्ये उपकरणाला किती जागा लागते हे कळायला एका रजिस्टरमध्ये सगळे बिट १ लिहून परत वाचतात. पण त्याआधी उपकरणाचं ऐकणं तात्पुरतं बंद करतात आणि नंतर मूळ आकडा जागेवर ठेवतात.

७. ओळख पटली नाही तर मुकाट्याने बाहेर पडा. जे घेतलं ते परत करा आणि ‘उपकरण नाही’ एवढं सांगा. हे ड्रायव्हरचं अपयश नाही. त्याचं कामच ते आहे.

तुमच्या कामाचं काय?

तीन गोष्टी.

पहिली, फोनची स्क्रीन बदलताना. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन स्क्रीनमध्ये आतली टच चिप वेगळी असू शकते. नवी चिप फोनच्या ड्रायव्हरला नीट ओळखू आली नाही, तर टच चालणार नाही. किंवा आज चालेल आणि अपडेटनंतर बंद पडेल. मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ आल्यावर बाहेरून स्क्रीन बदललेल्या काही आयफोन ८ चा टच बंद पडला होता, ॲपलने ११.३.१ मध्ये तो प्रश्न सोडवला. म्हणून दुकानात ‘फिट होते का’ एवढंच विचारू नका. अपडेटनंतर टच बंद पडला तर बदलून द्याल का, हेही विचारा.

दुसरी, कस्टम रॉम टाकताना. नाव सारखं आणि व्हेरिएंट वेगळा असेल, तर तुम्ही फोनच्या हातात दुसऱ्याच सोसायटीची यादी देताय. मॉडेल नंबर अक्षर न अक्षर जुळवून बघा. ‘जवळपास सारखाच आहे’ हाच विचार करून मी तीन डिस्प्ले घालवले होते.

तिसरी, गंमत म्हणून. विंडोजच्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर उघडा, एखाद्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅबवर जा आणि हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे कंपनीचा चार अंकी नंबर दिसेल. इंटेलचं उपकरण असेल तर बहुतेक वेळा तो ८०८६ असतो, त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचा. ती आहे दारावरची पाटी. तुमच्या मशीनने सुरू होताना सगळ्यात आधी हीच वाचली होती.

माझा तो ड्रायव्हर नंतर पुन्हा लिहिला. आता तो बोर्डाची आवृत्ती डिव्हाइस ट्रीमधून घेतो, एकाच ॲड्रेसवर जातो, आयडी वाचतो आणि जुळला तरच पुढे रीसेट वगैरे. कोड पाच-सहा ओळींनी वाढला. नव्या बोर्डावर पहिल्यांदा चालवताना मात्र चौथा डिस्प्ले जोडायची माझी हिंमत होईना. मॅडमनीच तो जोडला, माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली, बोट फिरवलं, टच चालला.

जळालेल्या तीनपैकी एक डिस्प्ले अजून माझ्या टेबलावर आहे. नवीन कुणी टीममध्ये आलं आणि त्याने ‘हा काय?’ असं विचारलं, की मी त्याला हीच गोष्ट सांगतो.